कलपाची कढई

मानवतच्या मुलींच्या शाळेत दोन बाया शिकवायच्या, दोघी सख्ख्या बहिणी. थोरली गौराबाई, तिला पोरी मोठ्या बाई म्हणत. शाळेत हातांची खुर्ची एकच होती, ती तिची. धाकटी शांतम्मा, तिला पोरी लहान्या बाई म्हणत. तिला बसायला बाकडं. कपाळ कोवळेपणीच मोकळं झालेल्या दोघी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे आणि डोकी मात्र जांभळासारखी काळी.

तो काळा रंग घरच्या लोखंडी कढईत शिजायचा. आवळा, मेंदी आणि निळीचा पाला गुरुवारी भिजत घालायचा आणि जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं. कलप गौराबाई करायची. शांतम्माला त्याचा वास आवडत नसे, डोळे चुरचुरत. तिचं डोकं विशी लागता लागताच पांढरं व्हायला लागलं होतं. आईच्या माहेरचं ते देणं होतं.

"आक्का, मला कशाला गं हे?" ती कधी कधी म्हणायची.

"धाकटीचं डोकं पांढरं दिसलं, तर थोरलीच्या काळ्याला कोण खरं मानंल?" गौराबाई म्हणायची. "मान वर करू नकोस, कानावर ओघळायलंय."

शांतम्मा मान खाली घालायची. असं करता करता मान खाली घालायची तिला सवयच झाली.

त्या साली श्रावणात मठात गर्दी होती. दर्शन घेऊन शांतम्मा ओट्यावर टेकली, तर शेजारी जिंतूरची एक म्हातारी बसलेली. ती पाय चोळत होती, शांतम्मानं आपणहून तेल लावून दिलं. म्हातारीचं नाव बायनाबाई. बोलता बोलता तिनं गावातल्या मास्तरणींची चौकशी केली.

"दोघी भैनी होत्या बग हितं. थोरली कवाच मेली आसंल."

"कोन थोरली?"

"तीच की, पांढऱ्या डोक्याची. शांता का कायसं नाव. पंचवीस वर्सं झाली, माज्या लेकानं, सिद्धलिंगानं, जत्रंत बगितली व्हती तिला. त्याची बायको गेलेली, मास्तर मानूस. आपल्यात विधवंचा पाट हुतोच. मी सोता बोलनी करायला आले व्हते." म्हातारी हसली. "भैन दारातच भेटली. म्हन्ली, शांता माज्यापरीस थोरली हाय, चाळिशीला टेकलीय, लेकरू व्हायाचं न्हाई. मी म्हन्लं, तोंड तर कवळं दिसतंय. तर म्हन्ती, तोंड फसवतंय मावशी, डोकं बगा. आन् खरंच की गं, आडावर पानी शेंदायली व्हती ती, पदर पडलेला, आन् भांगात ही पांढरी पट्टी. आमी माघारी फिरलो."

शांतम्माच्या बोटांना तेल होतं. ते तिनं म्हातारीच्या दुसऱ्या पायाला लावलं. नीट, घोट्यापर्यंत.

"मास्तर कसे हायेत आता?"

"नातू खेळवायलाय. बरं हाय."

आडावर त्या दिवशी ती चोविसाची होती. त्या दिवशीची घागर तिला आठवत नव्हती, पदर आठवत नव्हता. रोजच्यासारखी ती घरी आली असेल आणि आक्कानं रोजच्यासारखं ताट वाढलं असेल. तिच्या आयुष्याच्या दारात कुणी येऊन उभं राहिलं होतं आणि ती पाणी शेंदत होती. परतीच्या वाटेवर ती रडली नाही. जात्यात दाणे पडावेत तसे दोनच शब्द आत फिरत राहिले. डोकं बगा. डोकं बगा.

पुढच्या जुम्म्याला गौराबाईनं कढई काढली, तेव्हा शांतम्मा भाकरी थापत होती.

"ये की गं."

"मी न्हाई लावणार आक्का. डोळे जळतेत."

"आजच?"

"आतापासून कवाच न्हाई."

गौराबाई हसली. चार दिवसांचं खूळ वाटलं तिला. पण भादव्यात हुकूम आला आणि तिचं हसू गेलं. पंचावन्न उलटलेल्या मास्तर-मास्तरणींना वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी बसवायचं होतं. संक्रांतीच्या सुमाराला शाळा तपासणाऱ्या बेगमसाहेबा येणार, बघणार आणि ठरवणार. वयाचा दाखला त्या काळी कुणाकडे होता? सांगणाऱ्याचं तोंड आणि बघणाऱ्याचे डोळे, एवढाच. गौराबाई अठ्ठावन्नाची होती आणि पन्नास सांगायची. खुर्ची सुटली तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे शांतम्माला चांगलं माहीत होतं. म्हणूनच ती खुर्चीकडे बघू लागली.

अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं घेऊन चारचौघांत वावरणं अवघड. आधी भांगात नुसती रेघ आली. पोरी पाटीआड हसल्या. शाळेत पोरींना घरोघर जाऊन गोळा करून आणणारी म्हातारी धुरपताबाई तर तोंडावरच म्हणाली, "लहान्या बाई, भांगात चुना सांडला का काय?"

"सांडू दे. घर सारवायला काडलंय."

"तुमी मास्तरीण का देवळात वाती वळनारी, ते तरी सांगा."

दाराआडून गौराबाई ऐकत होती. दुपारच्या सुट्टीत तिनं शांतम्माला बाजूला घेतलं. "डोक्यावर पदर घे घट्ट. गबाळी दिसायलीस. बेगमसाहेबा आल्यावर आशीच उभी ऱ्हाशील का?"

गबाळी हा शब्द शांतम्मानं जपून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आधी उठू लागली. करडईचं तेल चोपून, दात जवळ असलेल्या फणीनं केस मागं घ्यायचे, काळी टोकं आत दुमडून अंबाडा असा आवळायचा की बाहेर नुसती चांदी दिसावी. दर अमावास्येला चार बोटं काळं कापायचं, उरलेलं रिठ्यानं चोळून फिकं करायचं. घरात दोनच इरकली लुगडी होती, त्यांना तांदळाच्या पेजेची खळ देऊन, रात्री उशाखाली घडी घालून ठेवायची. भस्माचे पट्टे सुतानं आखल्यासारखे. वहाणांना तेल. शाळेत शिरताना ती मान वर करून शिरायची. दिवाळी सरली तसा काळा अंबाडा करडा झाला, मग त्यातलं काळं मोजायला शोधावं लागे.

आणि मग गाव वळलं. मुलीचं नाव घालायला आलेला कुणबी दारातून बघायचा. एक काळ्या केसांची खुर्चीवर, एक पांढऱ्या केसांची फळ्याजवळ. तो सरळ फळ्याजवळ जाऊन वाकायचा, "माय, माजी पोर तुमच्या पदरात." शांतम्मा त्याला खुर्चीकडे पाठवायची, अगदी गोडीनं. "मोठ्या बाई तिकडं हायेत, बाबा." तो माणूस गोंधळून गौराबाईला दुसऱ्यांदा नमस्कार करायचा. उरलेला, शिळा. गौराबाईच्या बोटांतली खडूची कांडी मोडायची.

"कशापायी करायलीस हे?" एका जुम्म्याला तिनं विचारलं. तिच्या कपाळावर कलपाचा काळा ओघळ होता.

"डोळे जळतेत म्हणून." शांतम्मानं ओल्या फडक्यानं तो ओघळ पुसून दिला. हात हलका होता तिचा, नेहमी असायचा तसा. बायनाबाईचं नाव तिनं घरात काढलंच नाही. बहिणीला ती ओळखून होती. एकदा खोट्याच्या ज्या दारातून माणूस सुटतो, अडचणीत पुन्हा त्याच दाराकडे पळतो. शांतम्माला ते दार फक्त उघडं ठेवायचं होतं.

पौषात तिनं पोरींना गाणं शिकवायला घेतलं. पाहुण्यांपुढं म्हणायचं, जात्यावर बसल्याचा अभिनय करून. आईची ओवी होती ती. आई दळताना म्हणायची, तेव्हा जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला शेजारची धुरपता असायची, नवी नवरी. आता तीच धुरपताबाई शाळेच्या उंबऱ्यात बसून पेंगायची. शांतम्मानं पोरींना पहिलीच ओवी शिकवली. पुढचं मुद्दाम ठेवलं. दळलेली बाई ओवी अर्धी सोडत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बेगमसाहेबांचा पडदा लावलेला टांगा शाळेपुढं थांबला. उतरल्या, बुरख्याचं तोंड वर केलं. बाई साठीच्या घरातल्या, उदगीरकडं वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या. आत येताच त्यांनी पांढऱ्या अंबाड्याकडं बघून आदाब केला. शांतम्मानं हात जोडून खुर्चीकडं दाखवलं.

बेगमसाहेबांनी पाट्या बघितल्या, पाढे ऐकले, समाधानानं मान हलवली. मग चष्मा पुसत विचारलं, "तुम दोनों बहनें हो ना? बड़ी कौन?"

गौराबाईनं बहिणीकडं बघितलं. खळ दिलेलं लुगडं, पांढरंशुभ्र डोकं. आणि शांतम्माला दिसलं, ती दाराकडं पळाली.

"ही," गौराबाई म्हणाली. "शांता थोरली. मी पन्नाशीची, ही साठीला टेकली. घरी बसायचं तर हिचंच वय हाय, बेगमसाहेबा. डोकं बघा ना हिचं."

डोकं बघा. शांतम्माच्या छातीत जातं थांबलं. इतकी वर्षं ज्या उंबऱ्यावर ती हजर नव्हती, तिथं आज ती उभी होती.

"आपको क्या कहना है?" बेगमसाहेबांनी तिला विचारलं.

"मोठ्या बाई सांगतेत, मी काय बोलू? पोरींचं गाणं राहिलंय तेवढं ऐकावं."

पोरी दोघी दोघी समोरासमोर बसल्या, नसलेल्या जात्याचा खुंटा धरला आणि फिरवू लागल्या.

"गौरा गं माझी थोरली, दारी झाडीती अंगन,
तिच्या कडंला शांता, जसं हाताला कंगन."

पोरी थांबल्या. त्यांना एवढंच येत होतं. उंबऱ्यातून धुरपताबाईचा घोगरा गळा, डोळे मिटलेलेच, आपोआप पुढं गेला:

"शांताच्या बारशाला, गौरा वाटीती घुगरी,
नऊ वर्सांची लेक, डोईवर दोन घागरी."

"ए धुरपते, गप बस," गौराबाई म्हणाली.

"काय चुकलं का?" म्हातारीनं डोळे उघडले. "तुमची माय आसंच म्हनायची की. घुगऱ्या म्या सोता खाल्ल्या तुमच्या हातच्या. माजा मुंजाजी न् लहान्या बाई येका म्हैन्याच्या. त्याला पन्नाशी लागायची हाय आजून."

बेगमसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गौराबाईकडं बघून सावकाश हसल्या. "आपने कहा, शांता साठ की. आप उससे नौ साल बड़ी. यानी आप सत्तर के क़रीब हुईं, बाई. माशाअल्ला, बाल बहुत काले हैं."

मोठ्या पोरींना हिशेब येत होता. आधी एक हसली, मग सगळी शाळा. शांतम्मानं त्यांना दटावलं नाही. तिनं हसणं पुरतं संपू दिलं.

संध्याकाळपर्यंत बेगमसाहेबा निकाल सांगून गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी वजिफ्यावर आराम करावा, खुर्ची लहान्या बाईंची. घरी गौराबाई चुलीसमोर बसली होती. दिवा लावला तरी उठली नाही.

"मठात जिंतूरच्या बायनाबाई भेटल्या होत्या," शांतम्मा म्हणाली. "श्रावणात."

गौराबाईनं चुलीतली काटकी आत सारली.

"तू गेली आसतीस तर मी येकटी ऱ्हायले आसते गं शांते."

"म्हणून मला येकटी ठेवलीस."

गौराबाईनं पदर तोंडाला लावला. शांतम्मा उठली, फडताळातून कलपाची कढई काढली, राखेनं, मग चिंचेनं घासली. एवढी घासली की खालचं लोखंड उजळलं. मग तिच्यात तीळ टाकून चुलीवर ठेवली. तीळ तडतडले, घर खमंग वासानं भरलं. गूळ घालून तिनं वड्या थापल्या आणि एक बहिणीच्या हातावर ठेवली. संक्रांतीला गोड बोलायला सांगतात. ते तिनं सांगितलं नाही.

पुढं कलप पुन्हा झाला नाही. कढईत आता भाजी शिजायची. गौराबाईचे खांदे दुखायचे, हात डोक्यापर्यंत जायचे नाहीत, म्हणून शाळेत जायच्या आधी शांतम्मा रोज तिची वेणी घालून द्यायची. उजेडात बसवायची, गुंता हळू सोडवायची, केस एकही तुटू द्यायची नाही. आणि भांग पाडून झाला की आरसा तिच्या हातात द्यायची.

"राहू दे गं," गौराबाई तोंड फिरवायची.

"बघ की आक्का." शांतम्मा हनुवटीला बोट लावून तिचं तोंड आरशाकडं वळवायची, लेकराचं वळवावं तसं. "डोकं बघ."

भांगातली पांढरी पट्टी रोज थोडी रुंद होत होती. ती बघून झाली, की शांतम्मा आपला अंबाडा चाचपायची, खळ दिलेला पदर खांद्यावर नीट करायची आणि शाळेच्या वाटेला लागायची.