चोवीस मालकिणी

मुंबईच्या गिरणीत बारा वर्षं जॉबरकी, म्हणजे मुकादमी, करून भिकाजीशेट गावी आले ते एक शहाणपण घेऊन. वीस बायका एका छपराखाली कामाला बसवल्या की कारखाना होतो, आणि कारखाना झाला की सरकार दारात येतं. मग पाणी द्या, सावली द्या, औषधाची पेटी ठेवा. एवढी पीडा कोण घेतो?

म्हणून त्यांनी वाडीतल्या आम्हां चोवीस जणींना खळ्यात बसवलं आणि सांगितलं, "बायांनो, तुमी माझे नोकर नाय. तुमी मालकिणी! भाजलेली काजूबी घराक नेवची, घराक फोडूची, गर माका आणून देवचो."

मालकीण! माझ्या सात पिढ्यांत कोणी मला असं म्हटलं नव्हतं. मालकिणीने दगड आपला आणायचा, राख आपल्या चुलीतली लावायची, बी जळकी निघाली तर तोटाही आपलाच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तरी आम्ही खूश होतो, हो. वेड्यांना काय लागतं!

माझी धाकटी जाऊ मथुरा सगळ्यांत जास्त बी फोडायची. काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं. राख कितीही लावा, ते बोटांत शिरतंच. त्या वर्षी, अठ्ठावन्न साली, तिचा उजवा हात सुजून काळा पडला. ताप चढला. मालवणच्या डॉक्टरकडे न्यायला घरात दमडी नव्हती, म्हणून मी भिकाजीशेटकडे गेले.

"यशोदे," ते झोपाळ्यावरून म्हणाले, "नोकर असती तर माझी जबाबदारी. मालकिणीक औषध देवक मी कोण?"

मी हात जोडले, रडले. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग परत. दरवेळी शेटजी तेवढ्याच गोडव्याने मला माझ्या मालकीची आठवण करून देत. आठ दिवसांत मी पाच वेळा त्यांच्या पायऱ्या झिजवल्या.

नवव्या दिवशी गर वजनाला न्यायचा होता. चोवीस टोपल्या खळ्यात मांडल्या. मथुराची टोपली मीच नेली होती. तेवढ्यात फाटकातून सरकारी साहेब आत आले. कोणीतरी चहाडी केली असणार. ज्याने केली त्याचं देव रवळनाथ भलं करो! शेटजींच्या तोंडचं पाणी पळालं, पण भाषा लगेच शुद्ध झाली.

"कारखाना कसला, साहेब? या बाया स्वतंत्र आहेत. माल यांचा, मी फक्त विकत घेतो."

"बी कोणाची? गर कोणाचा?"

"यांचाच, साहेब. जिचा तिचा."

साहेबांनी तसं लिहिलं. शेटजींनी खाली झोकात सही ठोकली आणि साहेबांसाठी शहाळं मागवलं. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हा माल तुमचा?"

मथुराचा हात डोळ्यांसमोरून हलेना.

"व्हय साहेब, आमचोच. पण आज आमका ह्यांका इकूचो नाय." मी माझी टोपली डोक्यावर घेतली, मथुराची कमरेवर. मागून बावीस जणींनी उचलल्या. शेटजी अडवणार कसे? समोर साहेब होते, आणि खाली स्वतःची सही.

बाजारातल्या व्यापाऱ्याने माल उभ्याउभ्या घेतला. त्याच संध्याकाळी मथुराला बैलगाडीत घालून मालवणला नेलं. डॉक्टर फार चांगला माणूस. हात वाचवला त्याने. दोन बोटं मात्र कापावी लागली.

"बाई," तो मला म्हणाला, "आठ दिवस आधी का आणलं नाहीत?"

शेटजींना शिव्या देणं सोपं आहे, त्या मी आजही देते. पण ते आठही दिवस गराची भरलेली टोपली माझ्याच पडवीत होती.