सोळा हजार फुटांचा ठराव

शांती नगरातल्या त्या चार मजली इमारतीत लिफ्टसाठी खड्डा होता, लिफ्ट नव्हती. खड्ड्यात सायकली होत्या. गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि तळाला दुसरी. खालचं पाणी वर चढवायला पंपही होता. तो बंद पडून चौदा महिने झाले होते. पंपाचा विषय सोसायटीच्या तीन सभांत निघाला आणि तिन्ही वेळा एकमताने पुढच्या सभेपुढे ठेवला गेला. अशा कर्तबगार पुरुषांना एव्हरेस्टही लहान पडलं असतं, पण त्यांनी नम्रपणे रूपकुंडापासून सुरुवात करायचं ठरवलं.

१९९४ सालातला फेब्रुवारी. रविवारची सकाळ. कौस्तुभ राणे, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, यांनी दादरच्या एका गिर्यारोहण संस्थेतून तीन माहितीपत्रकं आणली होती: संदकफू, पिंडारी आणि रूपकुंड. राणे लग्नानंतर मनालीला जाऊन आले होते, त्यामुळे बर्फाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. चौथ्या मजल्यावरच्या ईश्वर साळवींच्या घरी मंडळाची बैठक बसली. मंडळ म्हणजे राणे, साळवी आणि दोघे मान हलवणारे.

"संदकफू बारा हजारांच्या आत," राणे म्हणाले. "पिंडारी बारा हजार. आणि रूपकुंड सोळा."

"मग प्रश्नच नाही," ईश्वर म्हणाला.

चारशे वीस फुटांचा फ्लॅट सहाशे समजून घेतलेली माणसं ती. फुटांवर त्यांचा जीव असायचाच. घर त्यांनी छापील चित्र बघून घेतलं होतं. त्या चित्रात कारंजं होतं. आता डोंगरही तसाच घेत होते.

ईश्वरची बायको शैला चहा घेऊन आली. "सोळा हजार कार्पेट की बिल्टअप?" तिने विचारलं.

"वहिनी, थट्टा नाही," राणे म्हणाले. "तिथे माणसांचे सांगाडे आहेत, जुने."

"म्हणजे तुमच्याआधी कुठलंतरी मंडळ जाऊन आलेलं दिसतंय," समोरच्या विमलाबाई साखर मागायला दारात आल्या होत्या, त्या म्हणाल्या.

शैलाने कप खाली ठेवले आणि पिंडारीचा कागद उचलला. चित्रात राखाडी बर्फाची एक भिंत होती, आणि तिच्या पायथ्याच्या भोकातून पाणी बाहेर येत होतं. खाली लिहिलं होतं, येथून पिंडर नदी उगम पावते. शैला ते चित्र बराच वेळ बघत राहिली. पाणी आपलं आपण निघत होतं आणि आपलं आपण खाली जात होतं. कोणी ते उचलत नव्हतं. तिला वाटलं, हे एकदा जवळ जाऊन बघायला हवं. नुसतं बघायचं, त्यात हात बुडवायचा आणि एक थेंबही वर न आणता परत यायचं.

"मला पण यायचंय," ती म्हणाली. "पण पिंडारीला."

चौघांच्या बशा एकदम थांबल्या.

"अगं, तिथे ऑक्सिजन विरळ असतो," ईश्वर म्हणाला.

"आपल्या मोरीत तरी कुठे दाट आहे?"

"पाठीवर ओझं घेऊन चढायचं असतं, शैला. तुला झेपणार नाही."

बाईमाणसाला तोंडावर नाही म्हणणं राण्यांच्या सभ्यपणात बसत नव्हतं. त्यांनी नियम केला. "असं करू. चाचणी घेऊ. दहा किलो वजन, आपला जिना, तळापासून गच्चीपर्यंत दहा वेळा चढउतार, एका तासात. शेवटी डॉक्टर नाडी बघतील. जो पास होईल तो जाईल, आणि म्हणेल तिथे जाईल. मग बाई असो की बुवा. मंजूर?"

मंजूर झालं. लगेच दुसरा ठराव, ट्रेक रूपकुंडचा.

"दहाच किलो?" शैलाने विचारलं.

राणे समजुतीने हसले. "वहिनी, ऐकायला कमी वाटतं."

आता यात पुरुषांचा तसा दोष नाही. ते पावणेआठला ऑफिसला निघायचे आणि टँकर दहाला यायचा. रविवारी टँकरलाही सुट्टी. संध्याकाळी परत आले की पिंप भरलेलं, माठ गार, आंघोळीला बादली तयार. पंप बंद आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी वर येतं हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींच्या मध्ये एखादी बाई असेल, असं मात्र चौदा महिन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारपासून मंडळाचा सराव सुरू झाला. वजनासाठी वाळू आणायची ठरत होती.

"वाळू कशाला, भावोजी?" विमलाबाई म्हणाल्या. "कळशी घ्या. दहा लिटर म्हंजे बरोबर दहा किलो."

हिशोब शास्त्रशुद्ध होता. पुरुष संध्याकाळी कळशा घेऊन जिने चढू लागले. वर पोचले की विमलाबाई दार उघडून उभ्या असायच्या, कळशी रिकामी करून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दम चांगला हाय तुमचा. सोळा हजारावर थांबू नका हां." इमारतीतल्या बायकांत हिमालयाची अशी ओढ पूर्वी कधी दिसली नव्हती. तो आठवडा पिंपं काठोकाठ होती. पुरुषांचे गुडघे सुजले, पण अभिमान त्याहून जास्त सुजला.

चाचणीच्या रविवारी तळमजल्यावरचे डॉक्टर वोरा घड्याळ घेऊन खुर्ची टाकून बसले. मान हलवणारे दोघे आधीच गळाले होते. एकाच्या घरी साखरपुडा निघाला, दुसऱ्याच्या पाठीत उसण.

राणे चार खेपांनंतर दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले आणि तिथून इमारतीच्या रंगाविषयी बोलू लागले. ईश्वरने सहा केल्या. सातव्या वेळी तो तिसऱ्या मजल्यावर बसला, कळशी मांडीत घेऊन, एखादं तान्हं मूल घ्यावं तशी.

त्याच्या बाजूने शैला वर गेली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी.

"अगं, दहा किलोच सांगितलेत," तो धापा टाकत म्हणाला.

"एकच कळशी घेतली की तोल जातो माझा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

तिच्या मागून विमलाबाई रिकाम्या हाताने चढत होत्या. संगमेश्वराकडच्या त्या. टँकरचं पाणी वाहताना श्वासाला ताल म्हणून ओवी धरायची सवय त्यांनीच अख्ख्या जिन्याला लावली होती.

*पहिल्या पायरीला, नाव घेते गं आईचं*
*डोईवर पाणी माझ्या, काम नाही गं घाईचं*

*चौथ्या गं मजल्याला, वारा येतो गं खाडीचा*
*घामानं भिजला, पदर माझ्या गं साडीचा*

ईश्वरने ही ओवी कधी ऐकली नव्हती. शैलाचे पाय त्या ओवीच्या तालावर पडत होते, एकही पायरी चुकत नव्हती, आणि कुठल्या पायरीची फरशी फुटली आहे ते त्या पायांना न बघता माहीत होतं. पुढच्या खेपेला ती खाली आली तेव्हा त्याने विचारलं, "रोज किती खेपा होतात गं?"

"आठ. पाहुणे असले की दहा."

त्याने मांडी आखडून तिला वाट दिली.

दहा खेपा पंचेचाळीस मिनिटांत झाल्या. डॉक्टर वोरांनी नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा नाडीकडे बघितलं. "बेन, आपकी नाडी तो एकदम घडियाळ जैसी है. ईश्वरभाई को सुला दो, जरा पैर ऊपर रखना."

त्याच संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा झाली. उंचीपेक्षा निसर्गसौंदर्य महत्त्वाचं, हा मुद्दा राण्यांना अचानक पटला. रूपकुंडाऐवजी जवळचीच डोंगरीची टेकडी घ्यावी, बस थेट पायथ्याशी जाते, आणि येताना उत्तनचे ताजे बोंबील मिळतात, असा ठराव आला. "वहिनींनी पण यावं," राणे उदारपणे म्हणाले. "मंडळ एकत्र राहिलं पाहिजे. एकट्या बाईने तिकडे जायचं म्हणजे..."

शैलाने पिंडारीचा अर्ज टेबलावर ठेवला. सगळं भरलेलं होतं. घरच्यांची संमती, एवढी एक ओळ कोरी होती. ती ईश्वरकडे बघत होती.

ईश्वरने खिशातलं पेन काढलं. टोपण उघडायला त्याला जरा वेळ लागला, हात अजून कळशीच्या आकाराचेच राहिले होते. त्याने सही केली.

"साळवी, मंडळाचा ठराव आहे," राणे म्हणाले.

"हो ना. जो पास होईल तो जाईल, आणि म्हणेल तिथे जाईल. तुम्हीच मांडला होतात."

मे महिन्यात शैला गेली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. ईश्वरची पंधरा दिवसांची रजा रूपकुंडासाठी मंजूर होऊन पडली होती, आणि त्याच्या ऑफिसात मंजूर झालेली रजा मागे घेणं हे हिमालयापेक्षा अवघड. तो घरी राहिला.

पहिल्या दिवशी दहाला टँकर आला. रांगेत पुरुष म्हणून तो एकटाच होता. तिसऱ्या खेपेला त्याने जिन्यात निम्मी कळशी सांडली. चौथ्या दिवशी त्याने पंपाविषयी सोसायटीला पत्र लिहिलं. आठव्या दिवशी राण्यांनी सांगितलं, की विषय पुढच्या सभेत नक्की घेऊ. त्यावर ईश्वर हसला नाही. त्याने राण्यांच्या हातात एक रिकामी कळशी दिली आणि उद्या दहाला खाली भेटायला सांगितलं.

चौदाव्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावर टेकला असताना पोस्टमनने त्याच्या हातात अंतर्देशीय पत्र दिलं. त्यात फार काही नव्हतं. "नदी निघते ते भोक बघितलं. हात घातला, बधिर झाला. पाण्याला आवाज खूप आहे. इथे सगळं पाणी खालीच जातं, आणि मी नुसती बसून बघत होते. तुम्ही फुटक्या पायरीला जपा, तिसऱ्या मजल्याच्या आधीची पाचवी."

त्याने वर बघून पायऱ्या मोजल्या नाहीत. घोटा तिथेच मुरगळला होता, परवा.

खालून विमलाबाई भरला हंडा घेऊन येत होत्या. ओवी नवी होती.

*दुसऱ्या गं मजल्याला, कोण बसला गं दमून*
*त्याची गं अस्तुरी, बघते गं ढगांतून*

"उठा, भावोजी," त्या म्हणाल्या. "अजून दोन मजले हायेत."

ईश्वरने पत्र खिशात घातलं, कळशी कमरेवर घेतली, आणि तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातात बादली उचलली.