साडेतीन इंच

माणिकप्पानं खांबावर शेवटची रेघ ओढली, खडूची बोटं धोतराला पुसली आणि व्हरांड्यात बसलेल्यांची मोजदाद केली. माणसं अकरा. पाय एकवीस. काठ्या सात. चष्मा एक, आणि तोही एकाच काचेचा.

अकराही जण सरकारी वजीफ्यावर जगणारे. कुणी वय झालं म्हणून नोकरीतून सुटलेला, कुणी नोकरी करताना हातपाय गमावून बसलेला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते तालुक्याच्या कचेरीत यायचे, नाव पुकारलं की अंगठा उठवायचे आणि मिळालेलं कमरेला बांधून पांगायचे. निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे त्रेपन्न सालच्या बहमन महिन्यात मात्र अंगठ्याच्या आधी हा खांब आला.

झालं होतं असं, की दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात एका मेलेल्या हवालदाराचा वजीफा त्याचा मेहुणा चार वर्षं उचलत होता. ते उघडकीला आलं आणि वरून हुकूम सुटला, की प्रत्येक वजीफेदाराला त्याच्या हुलियाशी ताडून पाहावं. हुलिया म्हणजे माणूस नोकरीत घेताना लिहून ठेवलेलं त्याचं वर्णन: रंग, तीळ, डाग आणि उंची. उंचीत एक इंचापर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त निघाला तर इसम बनावट धरावा.

माणिकप्पा या कचेरीतला सगळ्यांत लहान कारकून. गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंटरपर्यंत सायन्स शिकलेला. वडील गेले म्हणून शिक्षण सोडून नोकरीला लागला होता. हुकूम वाचून बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्याला मात्र बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम मिळालं. त्यानं गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, खांब काटकोनात उभा केला आणि पाव-पाव इंचाच्या खुणा स्वतःच्या हातानं केल्या.

"मला अर्ध्यातच मोजा, मुनशी," एका पायाचा बब्रुवान म्हणाला. तो पलटणीतून आलेला. "पाय एकच हाय. खाली मोजायला निम्मंच ऱ्हायलंय."

"तुमची जीभ मोजायचा हुकूम नाही, नाहीतर खांब पुरला नसता."

व्हरांडा हसला. बब्रुवान पाऊण इंचानं सुटला. दुसरा अर्ध्या इंचानं, तिसऱ्याचा फरक शून्य. दहा जण असे पार पडले. अकरावा सिदू धनगर.

सिदू पूर्वी सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होता. जकात चुकवून कापड आणणारी एक गाडी अडवायला तो आडवा झाला, आणि गाडीवान थांबला नाही. चाक कमरेवरून गेलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून तो कंबरेत वाकला तो वाकलाच. चालताना वाटायचं, खाली पडलेलं काही शोधतोय. त्याची बायको हरणाबाई दर खेपेला सोबत यायची आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून चातीवर लोकर कातत राहायची.

"ताठ उभे राहा, आजोबा."

"ह्यो ताठच हाय," बब्रुवान म्हणाला. "ह्याच्याहून ताठ केला तर मोडंल."

हरणाबाई उठून आली. तिनं नवऱ्याच्या पाठीला गुडघा लावला, दोन्ही खांदे मागं ओढले. सिदूच्या तोंडातून आवाज निघाला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. माणिकप्पानं डोक्यावर फळी टेकवली.

पाच फूट दोन इंच.

हुलियात लिहिलं होतं, पाच फूट साडेपाच.

त्यानं पुन्हा मोजलं. मग ओळंबा तपासला. खांब सरळ होता. डाव्या कानामागचा तीळ होता, हनुवटीवरचा व्रण होता. फक्त साडेतीन इंच नव्हते.

हुलियाचा कागद पुन्हा वाचताना त्याच्या लक्षात आलं, की वरची तारीख भरतीची आहे. सिदू तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वजीफा मंजूर करताना कुणीतरी तोच जुना कागद वजीफ्याच्या नव्या मिसलीत, म्हणजे फाइलीत, जसाच्या तसा उतरवला होता. ज्या दुखण्यासाठी सरकार सिदूला वजीफा देत होतं, तेच दुखणं त्याची उंची घेऊन गेलं होतं.

हे सगळं त्यानं आत जाऊन तहसीलदारसाहेबांना सांगितलं. साहेब स्वभावानं वाईट नव्हते. दोन वर्षांनी स्वतःच वजीफ्यावर जाणार होते आणि तोवर आपल्या नावावर डाग पडू नये एवढंच त्यांना हवं होतं.

"बात सही है," ते म्हणाले. "मगर हुक्म में कमर का जिक्र नहीं. डॉक्टर का सर्टिफिकेट मंगाओ तो जिले को जाएगा, वहाँ से हैदराबाद. आते आते साल लगेगा. और ये बूढ़ा साल भर खाएगा क्या?"

माणिकप्पा उभाच राहिला.

"अगली पहली को फिर नाप लो," साहेब म्हणाले. "खड़ा नापो, पड़ा नापो, मुझे मतलब नहीं. एक इंच से ज्यादा फरक आया तो मैं बनावटी लिखूँगा. बस."

पायरीवर येऊन त्यानं ते दोघांना समजावलं. या महिन्याचा वजीफा अडला. पुढच्या पहिलीला पुन्हा माप. माप जुळलं तर दोन्ही महिन्यांचं एकदम मिळेल.

"आन् न्हाय जुळलं तर?" हरणाबाईनं विचारलं.

"तर आजोबा आजोबा नाहीत, असं ठरेल. आजवर जे घेतलं ते परत मागतील."

"कशातनं?"

त्यांच्याकडं सोळा मेंढरं होती, हे कचेरीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हरणाबाईनं चाती खाली ठेवली. "आन् ह्यो म्हैनाभरात मेला तर?"

"लई घाई झाली वाटतं," सिदू म्हणाला.

"इच्यारून ठिवते."

"खरे ठरून गेले तर अडलेलं तुम्हांला मिळेल, आणि कुणी मेंढरांना हात लावणार नाही," माणिकप्पा म्हणाला. "खोटे ठरून गेले, तर वसुली तुमच्याकडून."

तिनं खांबाकडं बघितलं. "किती वाढाया पायजे?"

"अडीच इंच. हुलियापेक्षा एक इंच कमी चालतं."

मग त्यानं तिला एक गोष्ट सांगितली. कॉलेजात मास्तरांनी वर्गातल्या मुलांना एकदा सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी मोजलं होतं. सकाळी प्रत्येक जण थोडा उंच भरला. दिवसभर उभं राहून, बसून माणसाचा कणा दबतो आणि आडवं पडलं की सैल होतो. तेव्हा पुढच्या खेपेला आजोबांना उठवूच नका. रात्रभर पाठ फळीला लावून निजवा आणि तसंच, निजलेलंच, गाडीत घालून आणा. आडवंच मोजू.

सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. हरणाबाई एकेक शब्द ऐकत होती.

"मेंढराचा पाय मोडला की आमी कामट्या बांधतो," ती म्हणाली. "हाड धा दिसांत वळणावर येतं. ही तर नुस्ती पाठ हाय."

तिनं चातीवरची लोकर सोडली, तिचं टोक खांबाच्या पायथ्याशी अंगठ्यानं दाबलं आणि पाच फूट साडेचारच्या रेघेपर्यंत धागा नेऊन तिथं गाठ मारली.

"लोकर ताणली जाते, आजी. सुताचा दोरा घ्या."

"आमच्याकडं लोकरच हाय, मुनशी."

ते दोघं गेल्यावर माणिकप्पानं रद्दी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. सकाळचा फरक, म्हाताऱ्या माणसात, अर्धा इंच. आडवं मोजल्याचा, फार तर पाऊण. महिनाभर फळीवर निजून पाठ थोडी सरळ झाली तर अर्धा. बेरीज पावणेदोन. लागणार होते अडीच. पाऊण इंच कमी पडत होता. त्यानं आकडे बदलून पाहिले. मास्तरांनी शिकवलं होतं, की हवं ते उत्तर यावं म्हणून आकडे बदलणं म्हणजे खोटेपणा. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ती दोघं अजून बाजारातच होती, मीठ घेत होती. तो जाऊन सांगू शकला असता. गेला नाही.

महिन्याच्या मध्यावर बब्रुवान कचेरीपाशी भेटला.

"त्या म्हातारीनं सिद्याला फळीला बांधलाय," तो म्हणाला. "छातीला एक पट्टा, गुडघ्याला एक. भाकर बी निजूनच चारती. म्या गेल्तो बघायला."

"काय म्हणाले आजोबा?"

"मला म्हन्ला, बब्या, तुझा पाय बरा, येकदाच गेला." बब्रुवान या वेळी हसला नाही. "बोंबलतंय लई. पर सोड म्हनत न्हाय. मेंढराकडं बघतंय आन् गप ऱ्हातंय."

"आणि माप?"

"म्हातारी रोज सकाळी धागा लावती. डोकं गाठीच्या दोन बोटं खाली व्हतं म्हनं. आता दीड बोट हाय."

माणिकप्पाच्या डोक्यात बोटांचे इंच झाले. लोकर ताणली जाते, हेही आठवलं. त्यानं बब्रुवानला तंबाखू दिली आणि निरोप काहीच दिला नाही.

पुढच्या महिन्याची, इस्फंदारची, पहिली तारीख थंडीची होती. कचेरीच्या अंगणातल्या लिंबाखाली गुरं तोंडातून वाफ सोडत होती. दहा वजीफेदार आले. त्यांचं काम लवकर उरकलं, कारण त्यांना आता मोजायचं नव्हतं. साहेब आत सह्या करत होते. ऊन पायरीच्या दुसऱ्या दगडावर आलं तेव्हा गाडी आत शिरली. बैल सिदूच्या पुतण्यानं, धुळाप्पानं, हाकले होते. हरणाबाई गाडीत बसली होती आणि तिचा एक हात घोंगडीवर होता.

फळी चौघांनी धरून व्हरांड्यात आणली. बब्रुवान बाजूला उभा राहून काठीनं वाट मोकळी करत होता. "वजीफेदाराची पालखी आली," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. फळी खाली ठेवताना धुळाप्पा कुणाकडंच बघत नव्हता.

सिदू घोंगडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेला होता. वरून लोकरीचे पट्टे आवळलेले. चेहरा स्वच्छ धुतलेला, केसांना तेल. डोळे मिटलेले. त्याची पाठ फळीला टेकली होती, खांद्यापासून कमरेपर्यंत, मध्ये बोट जाईल एवढीही फट नव्हती. सव्वीस वर्षांत कुणीच तो माणूस असा पाहिला नव्हता.

"आजोबा," तो वाकून म्हणाला. "पाय जरा जुळवतो हं."

त्यानं घोंगडीखाली हात घातला आणि टाच धरली. टाच गार होती. सकाळ थंडीची आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग घोटा धरला. पायाचं पाऊल वळवून पाहिलं. ते वळलं नाही.

त्यानं मान वर केली. हरणाबाई फळीच्या उशाशी बसली होती, चाती मांडीवर, कातत नव्हती.

"केव्हा?" त्यानं विचारलं. ओठ हलले तेवढंच.

"वढा वलांडला तवा. तांबडं फुटायच्या आदी." तिनं घोंगडीची कड सारखी केली. "पाणी मागितलं. दिलं. मग मला म्हन्ले, सोडू नगंस."

धुळाप्पा बैलांपाशी जाऊन उभा राहिला होता. बब्रुवाननं काठी भिंतीला टेकवली आणि आपल्या एका पायावर, आधार न घेता, सरळ उभा राहिला.

"माणिकप्पा!" आतून साहेबांचा आवाज आला. "बूढ़े का नाप हुआ?"

माणिकप्पाच्या हातात मोजायची फीत होती. तिचं पितळी टोक त्यानं दोनदा अंगठ्यानं चाचपलं.

"निजवून आणा म्हन्ला व्हतात," हरणाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. "आता वाकत न्हाय. मोजा."

"आजी, तुमच्या धाग्यानं..."

"गाठीपर्यंत आलेत. म्या वाटंतच लावला. पर धागा आमचा. तुमचं माप लागतंय."

"माणिकप्पा?"

"हो रहा है, साहब," तो म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला. फितीचं टोक टाचेला लावलं आणि बब्रुवानकडं पाहिलं. बब्रुवान कसाबसा खाली बसला आणि ते टोक त्यानं आपल्या जाड अंगठ्यानं दाबून धरलं. माणिकप्पानं फीत ताणली नाही, सैलही सोडली नाही. डोक्याशी फळीचा तुकडा काटकोनात टेकवला, वाकून एक डोळा मिटला आणि आकडा वाचला. मग फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि दुसऱ्यांदा मोजलं, कारण एकदाच घेतलेलं माप हे माप नसतं. दोन्ही खेपेला तोच आकडा आला.

सिदूच्या डाव्या कानामागं तेलानं चिकटलेला केस होता. तो त्यानं बाजूला केला. तीळ होता.

त्यानं रजिस्टर मांडीवर घेतलं, टाक बुडवला, जास्तीची शाई दौतीच्या काठाला पुसली आणि लिहिलं:

सिदू वल्द कोंडीराम. तीळ: आहे. व्रण: आहे. उंची: पाच फूट, पावणेपाच इंच.