गौराबाईच्या ओसरीवरची सूरपेटी

मी सूरपेटी बोलतेय. वाजवायच्या पेटीची धाकटी बहीण म्हणा हवं तर. तिला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, नखरे, नाना सूर. मला मेलीला एकच सूर. भाता हलवला की तो लावून धरायचा, सोडायचा नाही, एवढंच माझं काम. पण ते मी चोख करते, उगाच कोणी नावं ठेवू नयेत.

मन्मथअप्पांनी मला परभणीच्या बाजारातून आणली ती मठातल्या भजनासाठी. तिथं माझी डाळ शिजली नाही. त्या मंडळींचा समज असा की आवाज जेवढा मोठा तेवढी भक्ती मोठी! टाळ-मृदंगाच्या दणक्यात माझं ऐकतंय कोण? पुढे अप्पा गेले आणि मी घरातल्या कोनाड्यात पडून राहिले. मग एके दिवशी त्यांच्या बायकोनं, गौराबाईनं, पदरानं माझी धूळ पुसली आणि गल्लीतल्या लेकरांना ओसरीवर बोलावलं.

देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात गाणं शिकवणारं कोणी नव्हतं. आणि गौराबाईचं शिकवणं तरी काय! आधी ओठ फुरफुरवून ट्रॅक्टर चालवायचा. चढ आला की सूर वर, उतार आला की खाली. मग पूर्णेहून रेल्वे आणायची. लांबून बारीक 'कूऽऽ', जवळ आली की मोठी, गेली की पुन्हा बारीक. लेकरं हसून हसून लोळायची आणि थुंकी उडायची ती सगळी माझ्या अंगावर! पण त्या खेळात गळा कधी मोकळा व्हायचा, ते त्यांनाही कळायचं नाही.

त्यांत एक ज्ञानेश्वरी होती. स्वतः एवढीशी आणि कडेवर सदा तान्हा भाऊ, हरिओम. आई-बाप, दगडाबाई आणि वैजीनाथ, दसरा झाला की ऊस तोडायला जायचे, ही पोरगीही संगं. फडाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून मारून तिचा गळा पार फाटलेला. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं आणि बाकीची पोरं खिदळली.

"हसू नका रे," गौराबाई म्हणाली. "ज्ञाने, तू तोंड उघडूच नको. ओठ मिटून भुंगा कर. लय हळू."

उन्हाळाभर तिनं भुंगाच केला. आणि एका सकाळी तो भुंगा माझ्या सुरात असा येऊन बसला की तिचा कुठला, माझा कुठला, मलाच उमजेना. अहो, माझ्या लाकडाला कंप सुटला! एवढ्या वर्षांत मला असं कोणी भेटलं नव्हतं. तेव्हापासून मी तिची वाट बघू लागले.

पण दसरा काही थांबत नाही. ती जायची आणि उन्हाळ्यात पुन्हा फाटका गळा घेऊन यायची. पुन्हा भुंग्यापासून सुरुवात. दोन वर्षं असंच झालं, तेव्हा यंदा गौराबाईनं पदर खोचला आणि दगडाबाईला ओसरीवर बसवून घेतलं.

"पोरगी माज्यापाशी ठिव गं. शाळा बी हुईल, गळा बी राहील."

"तुमचं खरं हाय काकू. पर हऱ्याला कोण बघंल?"

"तुजी सासू येणार हाय की संगं."

दगडाबाईनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग म्हणाली, "बरं, ठिवते."

ज्ञानेश्वरीची पिशवी आमच्या घरी आली. गौराबाईनं तिच्यासाठी चादर धुऊन वाळत घातली. मी तर हुरळून गेले होते.

जायच्या दिवशी ट्रॅक्टर आमच्या ओसरीसमोरच उभा राहिला. ट्रॉलीत भांडीकुंडी चढली, माणसं चढली आणि हऱ्यानं भोकाड पसरलं. आई झाली, आजी झाली, बापानं खांद्यावर घेऊन पाहिलं. पोरगं ऐकेना. मग ज्ञानेश्वरी धावली, ट्रॉलीत चढली, त्याला छातीशी धरलं आणि कानाशी भुंगा करू लागली. पोरगं गप्प झालं, झोपलं. तिनं उतरायला हात सोडवला, तर ते दचकून जागं.

"उतर बाय, निघायलोय आमी," वैजीनाथ म्हणाला.

ती उतरली नाही. "काकू, मी जाते," तिनं तिथूनच सांगितलं. "त्याला माज्याबिगर झोप न्हाई."

गौराबाईनं पिशवी आणून दिली. "वरडू नको गं तिथं," एवढंच म्हणाली. ट्रॅक्टर गेल्यावर मात्र मला मांडीवर घेऊन रडली. आम्हीच शिकवलेला भुंगा तिला घेऊन गेला, मग रागवायचं तरी कुणावर?

आता लेकरं येतात, खेळतात, गातात. मी सूर धरते, पण मन लागत नाही. अधूनमधून दगडाबाईचा फोन येतो. गौराबाई हऱ्याचं विचारते, जेवणाचं विचारते, ज्ञानेश्वरीच्या गळ्याचं मात्र विचारत नाही. तिला उत्तराची भीती वाटते. मलाही वाटते.

उसाच्या रस्त्यानं जाणाऱ्यांनो, ऊसतोड्यांच्या कुठल्या झोपडीपाशी, कोपी म्हणतात तिला, एखादी पोरगी भावाला निजवताना दिसली, तर तिला हाक मारायला लावू नका. तुम्हीच जवळ जा आणि माझा निरोप सांगा. ज्ञाने, परत ये गं. गळा फाटलेला असला तरी ये.