मी अर्धाच मोजलेला पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असले तरी देहाने मी अगदी साधा. पत्र्याचे एक नळकांडे, त्यावर पितळी कडा, आत नरसाळे आणि नरसाळ्याखाली बाटली. राधानगरीच्या वाटेवरच्या एका गावात पाऊस मोजण्यात माझे आयुष्य गेले. आज तुम्हाला सांगायचे आहे ते माझे कौतुक नाही, माझी चूक आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१९९१ साली मला ग्रामपंचायतीच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर बसवले. तेव्हा अंगण मोकळे होते. पंचायतीचा शिपाई केरबा रोज सकाळी साडेआठला यायचा, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचा, माप डोळ्यासमोर धरायचा आणि आकडा फळ्यावर खडूने लिहायचा. साडेआठ म्हणजे साडेआठ. त्याच्या मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा तो हळदीच्या अंगाने येऊन आकडा लिहून गेला होता.

त्या आकड्यावर गावाचा एक नियम ठरला होता. गावामागच्या डोंगरातून एक ओढा उतरतो आणि त्याच्या काठाला एक आळी आहे. फळ्यावर दीडशे मिलिमीटरच्या वरचा आकडा दिसला, की आळीतल्या लोकांनी जनावरे सोडून वर शाळेत नेऊन बांधायची. 'फळ्यावर काय आलंय?' असे लोक एकमेकांना विचारत, तेव्हा माझी छाती फुगायची. गावाची गुरे माझ्या शब्दावर हलतात, याचा मला फार गर्व होता.

१९९६ साली वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. माझ्यापासून चार हातांवर गुलमोहर लावला गेला. खरे सांगू? मला आनंदच झाला. उन्हाळ्यात माझा पत्रा असा तापायचा, की केरबा मला हात लावायचा नाही. झाड भराभर वाढले आणि माझ्यावर सावली आली. मग पावसाळ्यात थेंब पानांवर अडू लागले. काही ओघळून दुसरीकडे पडत आणि उरलेले माझ्यात. माझे तोंड सदा आभाळाकडे असते. वर आभाळ किती उरले आहे, ते मला रोज दिसत होते.

दरवर्षी माझे आकडे उतरत गेले. २००० सालच्या ग्रामसभेत सरपंचांनी वही उघडून सांगितले, "बघा, आपल्या गावचा पाऊस कमी व्हायला लागलाय. हवामान बिघडलंय. झाडं लावाय पायजेत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाऊस वाढावा म्हणून पंचायतीच्या अंगणात आणखी पाच करंज लावले गेले, माझ्या भोवतीच. झाडांमुळे माझ्यात पाऊस कमी, आणि पाऊस कमी म्हणून आणखी झाडे! त्या भल्या माणसांचा हेतू चांगलाच होता. बावळट ठरलो तो मी.

आणि मग २००५ चा जुलै आला. तीन दिवस आभाळ फाटले होते. चौथ्या दिवशी सकाळी धोंडुबाई पोत्याची खोळ पांघरून फळ्यापाशी आली. ओढ्याच्या अगदी कडेला तिचे घर. तिच्या गोठ्यात एकच म्हैस होती, चंद्री. घरी दुसरे कुणी नव्हते. चंद्रीच्या दुधावर म्हातारीचे सगळे चालायचे.

"केरबा, किती झालं रं?"

"एकशे अठरा, मावशी. दीडशाला अजून लई लांब हाय."

"मग न्हाय सोडत बाई. गाभण हाय, चिखलातनं चढवायची म्हंजे जिवावर येतंय. घसरली तर काय करू?"

असे म्हणून ती परत गेली. मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटत होते. झाडांबाहेर धो धो कोसळणारा पाऊस आणि माझ्या बाटलीतले पाणी यांचा मेळ नाही, हे मला ठाऊक होते. पण पत्र्याला कुठून वाचा येणार?

दुपारी बाराच्या सुमाराला ओढा गोठ्यात शिरला. शेजाऱ्यांनी धोंडुबाईला ओढून काढले. दावे सोडायला ती दोनदा मागे फिरली, पण पाणी छातीला लागले होते. चंद्री दाव्यालाच राहिली.

आळीत कुणी मला बोल लावला नाही. उलट केरबाच धोंडुबाईसमोर यायला कचरू लागला. तिने त्याला बोलावून सांगितले, "तू वाचलास ते सांगितलास. तुजा काय दोष?" ते ऐकून मी आणखीच खजील झालो.

शाळेतले प्रसेनजीत गुरुजी मात्र स्वस्थ बसले नाहीत. पाऊस चालूच होता. त्यांनी सरळ बुडाचा एक डबा शाळेच्या मोकळ्या मैदानात ठेवला आणि चार दिवस त्यातले पाणी फूटपट्टीने मोजले. मग वही घेऊन ते पंचायतीत आले. त्यांच्या डब्यात साठ मिलिमीटर, तर माझ्यात छत्तीस. त्यांनी बोट वर केले. सगळ्यांनी प्रथमच माझ्या डोक्यावरची दाट पाने पाहिली.

सरपंच ओशाळून म्हणाले, "उद्याच्याला तोडून टाकू सगळी."

"झाडांनी काय केलंय?" गुरुजी म्हणाले. "झाडं ऱ्हाऊ देत. माप चुकीच्या जागी हाय, त्ये हलवा की."

मोकळी जागा कुठे आहे, यावर बोलणे सुरू झाले. तेव्हा दाराशी उभी असलेली धोंडुबाई म्हणाली, "माज्या माळावर या. तितं एक झुडूप न्हाय. मी आता गोठा तितंच बांधणार हाय."

मी तिच्या माळावर गेलो. रोज सकाळी ती मला पुसायची. तिचा हात लागला, की मला लाज वाटायची. तिने एक रेडी आणली होती, पण गोठ्यातल्या दुसऱ्या खुंटीला नुसतेच एक दावे लटकत असे.

पुढच्याच पावसाळ्यात केरबाने मापात पाणी ओतले आणि तो मोठ्याने म्हणाला, "एकशे चौऱ्याहत्तर!" फळ्यापर्यंत न जाता तो तसाच आळीत धावत सुटला. तासाभरात आळीतली सगळी जनावरे माळावर चढली. धोंडुबाईने आपला गोठा उघडून दिला, मावतील तेवढी आत घेतली. दुपारी ओढा पुन्हा आळीत शिरला. सगळे गोठे रिकामे होते.

"आकडा बरोबर निगाला की, मावशी!" केरबा म्हणाला.

धोंडुबाई त्याच्याशी बोलली नाही. ती भर पावसात माझ्यापाशी आली आणि माझ्या ओल्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "आता बोललास. मग गेल्या साली का गप बसलास रं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते.

मित्रांनो, झाडे जरूर लावा, मनापासून लावा. पण ती वाढल्यावर कुणाच्या डोक्यावर येणार, हेही बघा. तुमच्या गावच्या पंचायतीत, शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचा आकडा वहीत लिहिण्याआधी एकदा त्याच्याजवळ उभे राहा आणि वर पाहा. वर काय आहे ते आम्हाला दिसते. पण सांगता येत नाही.