तांडेलाचं वजन

"सरका गो, तांडेल आला तोलाला," शेजारची प्रेमा म्हणाली, आणि मांदेली निवडणाऱ्या बायकांनी टोपल्या मागे ओढल्या. "आज कं भाव लावायचा? ताजा हाय का कालचा?"

"कालचाच," जन्मभर बोट चालवलेला भिकाजी तांडेल काट्यावर चढत म्हणाला. मग थांबला, श्वास घेतला. "पन तुझ्या मांदेलीपेक्षा बरा."

बायका हसल्या. नमिता हसली नाही. एवढंसं बोलताना सासऱ्याला मध्ये थांबावं लागलं, ते तिच्या कानाला खटकलं होतं.

पाऊस सरून उन्हं तापू लागली होती. मनोरी गावातल्या घरापुढच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि त्यांच्या मांडवाखाली टोपल्या तोलायचा लोखंडी काटा होता. घरात माणसं तोलायचा काटा नव्हता. हृदयाच्या दुखण्यानं खाडीपलीकडच्या इस्पितळात राहून भिकाजी परत आला, तेव्हापासून रोज सकाळी त्याला याच काट्यावर उभं करायचं ठरलं होतं. निघताना रश्मी सिस्टरनं नमिताला बाजूला घेऊन समजावलं होतं.

"यांना साखर आहे, गुडघे गेलेत, मोतीबिंदू आहे. घरातले सगळे साखरेच्या मागे लागतात. तू पहिलं श्वासाकडे बघ. हृदय दमलं की अंगात पाणी साचतं, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. रोज सकाळी लघवी झाली की, काही खायच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर माझ्या फोनची वाट बघू नकोस. घेऊन ये."

नमितानं ते मनात पक्कं धरलं होतं. नवरा कृणाल बोटीवर, खोल पाण्यात. घरात हे दोन म्हातारे आणि ती. जेवणातलं खारट सुकं म्हावरं बंद केलं म्हणून सासरा तिच्याशी अबोला धरायचा. पाणी मोजून दिलं म्हणून सासू, पुतळाबाई, शेजारणींना सांगायची, "माजे नवऱ्याला पान्यासाठी तरसवतेय ती." नमिता ऐकून घ्यायची, कारण काट्याचा लाल आकडा रोज बासष्टवरच होता.

आजही बासष्टच आला.

"झाला ना?" पुतळाबाई म्हणाली. "चल, उतर खाली."

नमिताची नजर आकड्यावरून सासऱ्याच्या पावलांवर गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. ती खाली बसली, घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या वाळूत राहावा तसा. रात्री म्हातारा जाळ्याची गुंडाळी पाठीशी घेऊन बसूनच झोपला होता, तेही तिला आत्ता आठवलं. पायात पाणी आहे, छातीत पाणी आहे, मग ते काट्याला का दिसत नाही?

तिनं मान वर केली आणि तिला सासूचा हात दिसला. नवरा पडू नये म्हणून पुतळाबाई रोज मागे उभी राहायची, त्याच्या काखेत हात घालून. त्या हाताची शीर टरटरून फुगली होती.

नमिता लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच लिलावाला पुतळाबाईनं तिला शिकवलं होतं, की व्यापाऱ्याचा माणूस टोपलीला बोट लावून ती वर धरतो. तवा काट्याकडं नको बघूस, हाताकडं बघ.

"आई, हात काढ."

"पडंल तो."

"मी आहे पुढं. तू हात काढ."

पुतळाबाईनं हात काढला. आकडा हलला, चढला आणि सहासष्टवर येऊन थांबला.

"किती दिवस गो?" नमितानं विचारलं. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका उतरला की प्रेमाला कान द्यावा लागला.

"त्यानीच सांगितलं," पुतळाबाई म्हणाली. "बोलला, आकडा वाढला का ही मना परत थितं इस्पितलात नेल. मना नको धाडूस. माजे पाया परला गो तो. नवरा माजे पाया परला. मी कं करू?"

"मना थितं नको," भिकाजी म्हणाला. त्यानं काट्याची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. ओठ निळसर दिसत होते.

नमिता त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, एकच विचारते. मरायचंय? तसं सांगा. मी तुम्हाला भिंतीला बसवते, कृणालला निरोप धाडते, कुठं नेत नाही. पण तुमच्या तोंडानं सांगा."

म्हाताऱ्यानं मान आडवी हलवली.

"मरायचं... नाय," तो म्हणाला. "नळी नको. लघवीची."

पुतळाबाई मटकन टोपलीवर बसली. मरण मागतोय असं समजून तिनं इतके दिवस हात दिला होता.

पुढं कुणी कुणाला विचारलं नाही. प्रेमानं प्लास्टिकची खुर्ची आणली. ओहोटी लागली होती, फेरीबोट धक्क्यापासून लांब उभी होती. चार बायकांनी तांडेलाला खुर्चीसकट उचललं आणि घोटाभर चिखल तुडवत बोटीत चढवलं. खाडी ओलांडेपर्यंत नमिता त्याची छाती बघत होती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. साखरेच्या गोळ्यांची पिशवी घरीच राहिली आहे, हे तिला पलीकडं उतरल्यावर कळलं, आणि तिनं ते तिथंच सोडून दिलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. ऑक्सिजन लावता लावता त्यांनी विचारलं, "कधीपासून? वजन रोज बघत होता ना?"

"बघत होतो. बासष्ट," नमिता म्हणाली.

"कालपर्यंत वाढलं नव्हतं? म्हणजे एकदम झालं. छातीत दुखलं का यांच्या? अटॅक असेल. सिस्टर, आधी—"

नमितानं पुढं बोलायला तोंड उघडलं. शेजारच्या खाटेपाशी गावचीच माणसं उभी होती, इकडंच बघत होती. त्यांच्यासमोर सासूचं नाव घेणं तिला जमेना.

"वजन खोटा होता," पुतळाबाई म्हणाली. साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल असा तो तिचा बाजारातला आवाज होता. "मी उचलून धरत होती त्याला. आठ दिवस. पाय कवाधरनं सुजलेत. एकदम नाय झालं. हलू हलू झालं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं. रागावल्या नाहीत, तेवढी सवड नव्हती. पाणी उतरवायचं इंजेक्शन मागवलं आणि पाठोपाठ नळीही मागवली. भिकाजीनं डोळे मिटून घेतले. पडदा ओढला गेला तेव्हा त्याची मान भिंतीकडं होती.

दुपार कलली. खाटेला अडकवलेली पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरू लागली. पुतळाबाई पायथ्याशी जमिनीवर बसून ती पिशवी बघत होती. नमिता चहा घेऊन आली.

"मी हाक मारली," पुतळाबाई म्हणाली. "तोंड फिरवलंन. बोलत नाय माज्याशी."

"श्वास घेतायत ना?"

पुतळाबाईनं मान उंचावून नवऱ्याच्या छातीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"घेतंय," ती म्हणाली, आणि चहाचा कप हातात घेतला.