मधली खुर्ची

गाणी ऐकायचे डबे घ्यायला सासूची काय गरज, असं सूनबाईच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण मुलगा म्हणाला, "आईला घेऊ बरोबर. तिचा कान पक्का आहे." मी लगेच चपला घातल्या.

कान पक्का आहेच. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. पलीकडच्या खोलीत मशीन चालू असली तरी सुई बोथट झाल्याचं बसल्या जागी सांगते. त्याच मशीनपाशी हा मुलगा रोज संध्याकाळी बसायचा, रेडिओ लावायचा आणि मला बटणं लावून द्यायचा. त्याच्या लग्नाला चार महिने झाले. बटणं माझी मीच लावतेय. आता स्पीकर आले की खोलीचं दार लागणार आणि उरलीसुरली संध्याकाळही तिच्या पदरात.

दुकानदाराने दोन जोड्या मांडल्या, वीतभर उंचीच्या. समोर तीन खुर्च्या. "मधल्या खुर्चीत बसा, तिथे दोन्हीकडचा आवाज सारखा येतो."

मुलाने बायकोला मधे बसवलं. मला कडेला. नऊ महिने पोटात वाढवलं मी, आणि मधली खुर्ची चार महिन्यांवालीला!

"खोली केवढी?" दुकानदाराने विचारलं.

"पलंग टाकलाय, आता अंग चोरून चालावं लागतं," मुलगा म्हणाला. "फळी भिंतीलाच ठोकणार."

"मग हे बंद डब्यांचे घ्या. दुसऱ्या जोडीला मागे भोक आहे. भिंतीला टेकले की नुसते घुमतात."

"बंदच घेऊ," सूनबाई म्हणाली. "भिंतीपलीकडे आई असतात. त्यांना त्रास नको."

त्रास नको म्हणे! मला ऐकू जायला नको, एवढं सरळ बोल ना.

दोन्ही वाजवून दाखवले. बंद डब्यांतली गाणारी बाई जणू समोर येऊन उभी राहिली, तिचा श्वाससुद्धा कळत होता. मला लख्ख कळलं. तरी मी भोकवाल्यांवर बोट ठेवलं. "हे. यांचा आवाज भरीव आहे."

"पण काकू, भिंत..."

"मी कान घेऊन आलेय, भिंत नाही."

मुलाने तेच घेतले. सूनबाईने हसून पिशवी पुढे केली. तेही मला बोचलं.

डबे फळीवर चढल्या दिवसापासून माझ्या भिंतीतून नुसतं धब् धब्. गाणारी बाई पलीकडेच राहिली, माझ्या वाट्याला तिचा ढोल आला.

तिसऱ्या दिवशी सूनबाई दारात उभी. "आई, थोड्या चिंध्या आहेत का? भोकात बोळा कोंबला की घुमणं कमी होतं म्हणे."

मागून मुलगा आला. आवाज एकदम मऊ. "आई, तुझा कान कधी चुकत नाही गं. एकदा डॉक्टरांना दाखवूया का? वय झालं की होतं असं."

सूनबाईनेही मान हलवली. कीव आली होती तिला माझी. तिला! माझी!

"कान शाबूत आहे माझा," मी म्हणाले. "बंद डबेच चांगले होते. दुकानातच कळलं होतं मला."

"मग?"

"मग काय! ते घेतले असते तर मला इकडे काही ऐकूच आलं नसतं."

मुलगा स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

मी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. भोकाचं माप घेऊन मऊ कापडाचे दोन गोल बोळे शिवले, टाके आतून, आणि स्वतः जाऊन बसवले. आवाज बराच सुधारला. बंद डब्यांइतका नाही, पण ते मी कशाला सांगू?

"बसा ना आई," म्हणत सूनबाईने पलंगावर जागा केली. कडेला.

"जरा सरक," मी म्हणाले आणि बरोबर मधे बसले. शिवलेला शर्ट आणि बटणांचा डबा मुलाच्या मांडीवर ठेवला. "ऐकता ऐकता हात चालू दे."

"मीही लावते, आई," ती म्हणाली.

सुई मी एकच आणली होती.